भोंगा वाजला तर कुठं जायचं? पंधरा दिवसांत सांगा

वरोऱ्याचे उपविभागीय अधिकारी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, एमआयडीसी आणि इथला प्रत्येक कारखानदार यांना आम्ही वरोरावासी हा जाहीर इशारा देत आहोत.

23 मे 2024 रोजी भरदुपारी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्सचा रिअ‍ॅक्टर फुटला. दहाहून अधिक माणसं गेली. काही मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली, आणि लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. त्याच डोंबिवलीत 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीच्या स्फोटात 12 जण मेले होते. तेव्हाही लोक संतापले, तेव्हाही धोकादायक कारखाने हलवण्याची आश्वासनं मिळाली. आठ वर्षं हाताशी होती. काय केलं?

हे मुंबईकडचं म्हणून कुणी झटकू नये. 17 डिसेंबर 2023 ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात 9 कामगार गेले, त्यात 6 बाया होत्या. सकाळी डबा घेऊन कामावर गेलेल्या लेकीबाळी.

गेल्या आठवड्यात आम्ही एमआयडीसीलगतच्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न विचारला. रात्री कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला तर पोरांना घेऊन कुठं जाल? एक म्हातारी म्हणाली, "दार लावून घेईन." दुसरीनं हायवेकडे बोट दाखवलं. वायू पसरत असेल तर वाऱ्याला आडवं निघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. दोष तिचा नाही.

आणि आनंदवन? शहराला लागूनच असलेल्या या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत मूकबधिर मुलांची शाळा आहे, अंध मुलांची शाळा आहे, हातापायांची बोटं गमावलेली वृद्ध माणसं आहेत. ज्या मुलाला भोंगा ऐकूच येत नाही, त्याला मध्यरात्री कोण उठवणार? याचं उत्तर कागदावर नावानिशी हवं.

आम्ही भीक मागत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर झालेल्या 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत कारखान्याबाहेरच्या बचावाचा आराखडा आणि त्याची वर्षातून एकदा रंगीत तालीम सांगितली आहे. आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं कारखानदारावर बंधनकारक आहे. 1996 च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गटाचं अध्यक्षपद उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे दिलं आहे.

म्हणून पंधरा दिवसांत कुठल्या कारखान्यात कोणता वायू, कोणतं रसायन आणि किती साठा आहे, याची यादी मराठीत नगर परिषदेच्या फलकावर लावा. यादीत धोक्याचा एकही कारखाना नसेल तर तसं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. आराखडा उघड करा, तालमीची तारीख द्या. भाजलेल्या माणसाला उपजिल्हा रुग्णालयात काय उपचार मिळतील आणि नागपूरला न्यायला गाडी कुठून येईल, तेही सांगा. नागपूर शंभरएक किलोमीटरवर आहे, तिथं पोहोचण्याएवढा वेळ जळालेल्या माणसाकडे नसतो.

रास्ता रोको आम्ही करणार नाही. त्याच रस्त्यानं रुग्णवाहिका जातात. पण सोळाव्या दिवशी सकाळी 11 वाजता बायका-पोरांसह उपविभागीय कार्यालयासमोर ठिय्या देऊ. तोंडी आश्वासन, निवेदनाची पोच, "वर कळवतो" यांतलं काहीही चालणार नाही. यादी, आराखडा आणि तालमीची तारीख हातात पडेपर्यंत आम्ही तिथून उठणार नाही.