बॉन्ड्स बाहेर, साहेब आत!

क्रिकेटवर रात्ररात्र भांडणाऱ्या होस्टेलकरांनो, आज जरा बेसबॉल. मेजर लीगमध्ये सर्वाधिक ७६२ होमरन (आपला सिक्सर समजा) बॅरी बॉन्ड्सचे. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तब्बल ७ वेळा! तरी कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा नाही. पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, त्याला ६६ मिळाली. कारण स्टेरॉइड्स.

बरं, ठीक. पण त्याच काळात कमिशनरच्या खुर्चीत बसलेले बड सेलिग? ते २०१७ मध्ये हारतुऱ्यांसकट आत! पहिल्याच गुन्ह्याला निलंबन हा नियम आला थेट २००५ ला. खेळाडूंची युनियन आडवी आली, मान्य. पण तोवर सिक्सर पडत होते, गल्ला भरत होता, आणि साहेब खूश होते. मग एकट्या बॉन्ड्सलाच वर्गाबाहेर का उभं करायचं राव? घ्या त्याला आत, नाहीतर साहेबांची पाटीही उतरवा.