विश्लेषण : ईमेलमधले चित्र दिसत नाही, हा बिघाड की बंदोबस्त?

ईमेलच्या तळाशी कंपनीच्या लोगोऐवजी लाल फुली, आमंत्रणपत्रिकेच्या जागी रिकामा चौकोन, बँकेच्या मेलमध्ये नुसताच मजकूर... हा अनुभव बहुतेकांना येतो. इंटरनेट संथ आहे, फोन जुना झाला, असे म्हणून तो सोडूनही दिला जातो. मात्र अनेकदा काहीच बिघडलेले नसते. चित्र दाखवायचे नाही, असे ईमेल सेवेनेच ठरवलेले असते. सप्टेंबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने टप्प्याटप्प्याने नेमके हेच केले. आउटलुकची वेब आवृत्ती आणि विंडोजसाठीचे नवे आउटलुक यांत मजकुरात बसवलेली ‘एसव्हीजी’ प्रकारची चित्रे आता दिसत नाहीत. तिथे कोरी जागा उरते.

‘एसव्हीजी’वर बंदी का?

जेपीईजी किंवा पीएनजी फाइलमध्ये रंगांच्या ठिपक्यांची माहिती असते. एसव्हीजी फाइल मात्र प्रत्यक्षात मजकूर असते. इथून तिथपर्यंत रेघ ओढा, हा भाग निळा करा, अशा सूचना तिच्यात लिहिलेल्या असतात. त्या सूचनांमध्ये जावास्क्रिप्टचा कोडही लपवता येतो. सायबर चोरांनी हीच सोय वापरून बनावट लॉगिन पाने उघडणारी ‘चित्रे’ पाठवायला सुरुवात केली होती. आउटलुकमधील एकूण चित्रांत अशा एसव्हीजींचे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी असल्याचे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे आहे. वेगळी जोडलेली एसव्हीजी फाइल अजूनही उघडता येते, त्यामुळे धोका पूर्ण टळला असे मात्र नाही.

चित्र मेलमध्ये असते की बाहेर?

मूळ ईमेल निव्वळ मजकुराचा होता. १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक आले आणि एकाच मेलमध्ये मजकूर, चित्र, ध्वनी असे वेगवेगळे भाग पाठवता येऊ लागले. आज मजकुराच्या मध्ये दिसणारे चित्र मुख्यतः दोन वाटांनी येते. पहिल्या वाटेत चित्र मेलसोबतच प्रवास करते. त्याला एक ओळखक्रमांक असतो आणि ‘या क्रमांकाचे चित्र इथे लावा’ अशी खूण मजकुरात असते. दुसऱ्या वाटेत मेलमध्ये चित्र नसतेच, त्याचा फक्त पत्ता असतो. मेल उघडला की त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडून चित्र मागवले जाते. जाहिराती, वृत्तपत्रिका, खरेदीच्या पावत्या यांत सहसा हीच पद्धत असते आणि ईमेल सेवांचा संशयही हिच्यावरच असतो.

नुसते चित्र मागवण्यात धोका काय?

चित्र मागवणे म्हणजे पाठवणाऱ्याच्या दारावर टकटक करणे. मेल कधी उघडला, कोणत्या आयपी पत्त्यावरून, साधारण कोणत्या शहरातून, कोणत्या उपकरणावर, हे त्याला कळू शकते. त्यासाठी दिसेल असे चित्रही लागत नाही. एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र पुरते. त्यालाच ‘ट्रॅकिंग पिक्सेल’ म्हणतात. फसवणूक करणाऱ्याला त्यातून पत्ता चालू आहे आणि मेल वाचणारे कोणीतरी आहे, एवढे समजले तरी पुरेसे असते.

म्हणूनच जीमेलने डिसेंबर २०१३ पासून अशी चित्रे गुगलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आणायला सुरुवात केली. वाचणाऱ्याचा आयपी पत्ता त्यामुळे लपतो, मेल उघडल्याचे मात्र कळू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत पुढचे पाऊल टाकले. ही सुविधा सुरू असेल, तर मेल उघडला जावो न जावो, त्यातली चित्रे आधीच मध्यस्थामार्फत आणली जातात. ‘इतक्या लोकांनी आमचा मेल वाचला’ या विपणन विभागांच्या लाडक्या आकड्याचा अर्थ त्यामुळे बराच पातळ झाला.

धोका पाळतीपुरताच नाही. २०१८ मध्ये युरोपातील संशोधकांनी ‘ईफेल’ नावाची त्रुटी उघड केली. त्यात हाती लागलेला कूटबद्ध मेल चित्राच्या पत्त्यात गुंडाळून पुन्हा पाठवला जाई. मेल प्रोग्रॅम तो उलगडे आणि चित्र मागवताना आतला गुप्त मजकूरच हल्लेखोराच्या सर्व्हरला सांगून मोकळा होई. जून २०२५ मध्ये समोर आलेल्या ‘एकोलीक’चे मूळही असेच होते. मेलमध्ये लपवलेल्या सूचनांना भुलून मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ हा एआय सहायक कंपनीची माहिती चित्राच्या पत्त्यात भरून बाहेर पाठवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली. कोणत्याही ग्राहकाला फटका बसला नाही, असे कंपनीने सांगितले.

मग दुरुस्ती कुठे करायची?

सगळ्याच जाहिराती आणि वृत्तपत्रिकांतील चित्रे गायब असतील, तर आपल्याकडची सेटिंग पाहावी. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘बाहेरील चित्रे नेहमी दाखवा’ आणि ‘दाखवण्यापूर्वी विचारा’ असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडलेला असेल, तर चित्रे थांबणारच, आणि तो तसाच ठेवण्यात शहाणपणही आहे. ओळखीच्या मेलमधली चित्रे तेवढ्यापुरती उघडता येतात. स्पॅममध्ये पडलेला मेल ‘चित्रे दाखवा’ म्हणत असेल, तर ते बटण दाबू नये.

एकाच मेलमधले चित्र दिसत नसेल, तर घोळ बहुधा पाठवणाऱ्याकडे असतो. सर्वांत फसवी चूक अशी, की मेलमध्ये चित्राऐवजी पाठवणाऱ्याच्याच संगणकावरील फाइलचा पत्ता जातो. त्याला चित्र व्यवस्थित दिसते, बाकी कोणालाच नाही. चित्र कार्यालयाच्या अंतर्गत सर्व्हरवर असेल, तर सहकाऱ्यांना दिसते, पण जीमेलचा मध्यस्थ तिथे पोहोचू शकत नाही. मेल पुढे पाठवताना किंवा साध्या मजकुरात उत्तर देताना सोबतचे चित्र गळून पडू शकते. आयफोनच्या ‘एचईआयसी’ फोटोंचे जेपीईजी करून घेतलेले बरे, कारण क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये ते दिसत नाहीत. चित्राचा कोड थेट मजकुरातच कोंबण्याची युक्तीही जीमेलमध्ये चालत नाही.

सोसायटीच्या सभेची सूचना किंवा लग्नपत्रिका पाठवताना तारीख, वेळ आणि पत्ता चित्राखाली साध्या अक्षरांत टाइप करायला मिनिटभर लागते. चित्र अडले, तरी मजकूर पोहोचतो.