संवेदनशीलतेची हमी

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीच्या दिवशी, महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. २०१५ पासूनची ही प्रथा. त्या दिवशी नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत जी भाषणे होतात, त्यांत एक विधान हमखास असते : वाचन माणसाला संवेदनशील बनवते. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते आणि ग्रंथप्रदर्शनातली पुस्तके पुन्हा कपाटात जातात. या विधानाला कोणी हरकत घेत नाही, कारण ते ऐकायला निरुपद्रवी वाटते. माझी हरकत आहे. हे विधान सिद्ध झालेले नाही, आणि साहित्याच्या अध्यापनाचे त्याने नुकसान केले आहे.

प्रथम सिद्धतेविषयी. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमानुएले कास्तानो यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कसदार ललित साहित्यातले उतारे थोडा वेळ वाचले तरी दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. साहित्याच्या अभ्यासकांना तो आवडणे स्वाभाविकच होते. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. २०१८ साली 'नेचर' आणि 'सायन्स'मधील २१ प्रयोगांची जी मोठी फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तीतही तो टिकला नाही. शिवाय दुसऱ्याच्या मनातले ओळखता येणे आणि त्याच्याशी दयेने वागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सावकाराला कर्जदाराच्या मनातले नेमके कळत असते.

प्रयोगशाळा दूरची वाटत असेल, तर आपलाच इतिहास पाहू. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. हा वाद एका विद्यापीठाच्या नावाचा होता. त्याच्या विरोधाची भाषा निरक्षरांनी घडवली नव्हती. पत्रके, निवेदने आणि युक्तिवाद हे शिकलेल्या, वाचणाऱ्या वर्गाचे काम होते. त्या वर्गाच्या घरांत संतांच्या गाथा होत्या, कादंबऱ्या होत्या, दिवाळी अंकही येत होते.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण याच भूमीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे दगावली. भोवतालच्या गावांतून जे लोक दगडमाती उपसायला धावले, त्यांच्यापैकी कितीजणांनी आयुष्यात एखादी कविता वाचली होती, असा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नसेल. यावरून वाचन माणसाला बिघडवते असा निष्कर्ष कोणी काढू नये. दयेची पहिली शाळा घरात, शेजारात आणि कामाच्या ठिकाणी भरते, आणि ग्रंथालयाची पायरी न चढलेला माणूसही तीत उत्तम शिकतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

मग ही हमी आपण का देत राहतो? माझ्या मते याचे उत्तर लातूरच्या दुसऱ्या ख्यातीत सापडते. 'लातूर पॅटर्न'ने खेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नेमका सराव, पुन्हापुन्हा चाचणी आणि मोजता येणारा निकाल हे त्याचे तत्त्व हळूहळू सगळ्याच शिक्षणाचे माप बनले. ज्या गावात बारावीचे वर्ष 'नीट'भोवती फिरते, तिथे कला शाखेच्या मराठी विभागाला 'तुमचा उपयोग काय?' हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. गुणांचा निकाल दाखवता येत नाही, म्हणून विभागाने सद्गुणांचा निकाल पुढे केला. आता अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर 'अध्ययन निष्पत्ती' म्हणून मानवी मूल्यांची जाणीव लिहिलेली असते. दयेचाही पॅटर्न करून टाकण्याचा हा प्रकार आहे.

याचा परिणाम उत्तरपत्रिकेत दिसतो. 'या कवितेतून व्यक्त होणारी मानवतावादी दृष्टी स्पष्ट करा' असा प्रश्न असला की उत्तर आधीच ठरलेले असते. गाईडमधले चार मुद्दे लिहिणारा उत्तीर्ण होतो. 'ही कविता मला खोटी वाटते, कारण ती गरिबाकडे दुरून पाहते' असे एखाद्या मजुराच्या मुलीने लिहिले, तर तिच्या उत्तरावर 'विषयांतर' असा लाल शेरा पडण्याची शक्यता अधिक. ती मुलगी खरी वाचक आहे, आणि संवेदनशीलतेच्या नावाखाली तिचेच ऐकून घेतले जात नाही. हे साहित्याच्या अध्यापनातले रोजचे, बिनआवाजी निर्दयपण आहे.

वाचनाशी निगडित अशी एक दया मात्र मी मानतो. ती वाचनाच्या शेवटी फळासारखी हाती येत नाही. वाचण्याच्या रीतीतच ती असते किंवा नसते. समोरच्याचे म्हणणे पुरते होईपर्यंत थांबणे, ते त्याच्या सर्वांत बळकट रूपात समजून घेणे आणि मगच आपले मत देणे, ही ती रीत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) हे तिचे जवळचे उदाहरण. मनुस्मृतीचे ते उघड विरोधक होते. तरी त्या ग्रंथावरील व्याख्यानांत त्यांनी त्याची व्यवस्था आतून उलगडून दाखवली, आणि म्हणून त्यांचा विरोध टिकाऊ झाला. रणजित देसाई यांना शिवाजी महाराजांविषयी त्यांनी लिहिलेले प्रदीर्घ पत्र 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना बनले. एका लेखकाच्या कामासाठी इतका वेळ आणि इतके परखड लक्ष देणे, याला मी वाचकाचे सौजन्य म्हणतो. त्यात गोडवा असेलच असे नाही.

कोणी विचारील, हमी काढून घेतली तर मुले मराठीला येतील कशाला? आजही ती हमीमुळे येत नाहीत. ज्यांना एखाद्या पुस्तकाने अस्वस्थ केले आहे ती येतात, आणि त्यांना त्या अस्वस्थतेविषयी बोलायला जागा हवी असते. ती जागा देणे शिक्षकाच्या हाती आहे. वर्गात गाईडऐवजी मूळ पुस्तक उघडे ठेवावे. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात कवीशी असहमत होणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतील. तासाला मागच्या बाकावरचा मुलगा अडखळत बोलू लागला, तर त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. येत्या १५ ऑक्टोबरला भाषण ठेवण्यापेक्षा एवढे केले तरी पुष्कळ होईल.