इंग्रजीची परीक्षा आणि रोजचा सराव



तुमच्यापैकी कोणी परिचारिका होईल, कोणी अभियंता होईल, तर कोणी शिकण्यासाठी परदेशी जाईल. या वाटेवर बहुधा इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. १९८९ साली सुरू झालेली 'आयईएलटीएस' ही त्यांतील प्रसिद्ध परीक्षा आहे.

डहाणूच्या माझ्या एका विद्यार्थिनीने परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून ही परीक्षा दिली. तिने दोन महिने शिकवणी लावली, निबंध पाठ केले, मुलाखतीची उत्तरेही पाठ केली. परीक्षकाने विचारले, "तुमच्या गावात कोणते फळ पिकते?" चिकूच्या वाडीशेजारी वाढलेली ही मुलगी 'चिकू' एवढेच म्हणाली आणि गप्प झाली. तो प्रश्न तिच्या वहीत नव्हता! फीचे अनेक हजार रुपये वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे, "मी उर्दू माध्यमात शिकले, म्हणून असे झाले," असे तिने मनाशी धरले.

मला हे मुळीच मान्य नाही. दोष माध्यमाचा नव्हता, पाठांतराचा होता.

ही परीक्षा कशी असते ते पाहा. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे तिचे चार भाग असतात. गुण शून्य ते नऊ या श्रेणीत मिळतात. येथे कोणी पास किंवा नापास होत नाही. किती श्रेणी हवी, हे प्रत्येक संस्था ठरवते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तीत एका विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलावे लागते. पाठ केलेले उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

"आमच्या घरी कोणी इंग्रजी बोलत नाही," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलतात, ती मुले थोडी पुढे असतात. पण मला सांगा, तुम्ही मराठी कशी शिकलात? बाजारात, एस.टी.त, शेजाऱ्यांशी बोलताना. तलासरीच्या बाजारात तर मराठी, वारली, गुजराती व हिंदी एकाच वेळी कानांवर पडतात. चुकत चुकत तुम्ही बोललात आणि भाषा आली. जो दुसरी भाषा शिकला, त्याला तिसरीची वाट ठाऊक असते. शिवाय उर्दूतील 'फ़े' आणि 'ज़े' या अक्षरांचे उच्चार इंग्रजीतही आहेत. ते तुम्हांला नव्याने शिकावे लागत नाहीत.

मग सराव कसा करावा? डहाणू रोड स्थानकावर गाडीची घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजीत होते. इंग्रजी घोषणा लक्ष देऊन ऐका आणि मराठीशी ताडून पाहा. मात्र घोषणा पुन्हा होते, परीक्षेतील ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. म्हणून पहिल्याच वेळी नीट ऐकण्याची सवय लावा. रोज इंग्रजीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचा. दिवसभरात काय केले, ते पाच वाक्यांत लिहा. मित्राला समोर बसवून दोन मिनिटे बोला. विषय साधेच घ्या : चिकूची पेटी कशी भरतात, समुद्राला भरती आल्यावर काय दिसते, ईदच्या दिवशी घरी काय काय होते. चुकलात तर हसा, पण थांबू नका.

शिकवणी वाईट नाही. परीक्षेची रीत ती सांगू शकते. पण दोन महिन्यांची शिकवणी पाच वर्षांच्या सवयीची जागा घेऊ शकत नाही. आणि ही सवय लावायला पैसे लागत नाहीत.

माझी ती विद्यार्थिनी आता पुन्हा तयारी करत आहे. या वेळी तिने पाठांतराची वही बाजूला ठेवली आहे. रोज संध्याकाळी ती धाकट्या भावाशी इंग्रजीत बोलते. तिला हे उशिरा कळले. तुम्हांला आजच कळले आहे. थेंबे थेंबे तळे साचे. पहिला थेंब आजच पडू द्या.