गुडघ्याचा फोटो आणि गुडघ्याचे दुखणे

दिवाळीला मुलेबाळे जामनेरच्या घरी जमतात. फराळाच्या ताटावरून उठताना आईचा हात गुडघ्यावर जातो, आणि पुण्याचा थोरला म्हणतो, "उद्याच जळगावला जाऊन एमआरआय काढू!" वाचकहो, हौस चांगली, पण घाई कशाला?

हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. हाडांमधले अंतर कमी झाले, एवढ्यावरून तिची झीज ताडायची. एमआरआयचे तसे नाही. कूर्चेत निम्म्याहून अधिक पाणीच असते. चुंबक आणि रेडिओलहरी त्या पाण्यातील हायड्रोजनकडून संदेश मिळवतात आणि कूर्चा चित्रात उमटते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले.

मात्र चित्र म्हणजे दुखणे नव्हे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशीपुढील ७१० जणांचे गुडघे तपासले. एक्स-रेत संधिवात कोणाचाच नव्हता. तरी एमआरआयमध्ये ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड निघाला. गुडघा न दुखणाऱ्यांचीही तीच गत! २०१२ साली हे प्रसिद्ध झाले.

गुडघा अडकत असेल, मुरगळून सुजला असेल किंवा निदानच होत नसेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतील. तो अवश्य काढावा. गुडघा लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी उतारवयातील झीज डॉक्टर विचारपूस करून व हाताने तपासूनच बहुधा ओळखतात. मग उपाय दोन: मांडीचे व्यायाम आणि वजनाला आळा. स्थूल माणसाचे वजन एक किलो उतरले, की गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. एवढा स्वस्त सौदा बाजारात दुसरा नाही!