ट्रायथलॉन करता? मग वर्षातून एकदा थांबायलाही शिका

जानेवारीतली गोष्ट. चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ लंगडत दवाखान्यात आले. सोबत पत्नी होत्या. बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, फक्त चांगली पेनकिलर द्या. मुंबई मॅरेथॉन दहा दिवसांवर आली आहे."

पत्नी म्हणाल्या, "तुम्हीच सांगा यांना. घरात कोणाचं ऐकत नाहीत."

गोव्याची हाफ आयर्नमॅन त्यांनी पूर्ण केली होती. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. कौतुकाचीच गोष्ट. पण मेडल गळ्यात पडल्यावर आठव्या दिवशी त्यांनी मॅरेथॉनची तयारी सुरू केली. तीन आठवडे नडगी दुखत होती. मी अंगठ्याने दाबत गेलो, तेव्हा एका ठरावीक जागी ते कळवळले. एक्स-रे नॉर्मल होता, तरी मी एमआरआय करायला लावला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे बारीक चीर निघाली. मॅरेथॉन तर गेलीच, पुढचे दोन महिने धावणेही बंद.

असे रुग्ण आता दर हिवाळ्यात येतात. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला हाफ आयर्नमॅन पहिल्यांदा झाली. तेव्हापासून आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतले कितीतरी लोक या खेळात उतरले. एक डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण आपण परदेशातून स्पर्धा आणली, सायकली आणल्या, घड्याळे आणली. ऑफ-सीझन मात्र आणला नाही.

आपल्याकडे सुट्टी लागतच नाही

युरोपात थंडी पडली, की तळी गारठतात, रस्त्यांवर बर्फ येते आणि खेळाडूला सक्तीची विश्रांती मिळते. आपल्याकडे उलट आहे. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपते आणि लगेच वर्षातली सगळ्यात सुंदर हवा सुरू होते. पहाटे गारवा, कोरडे रस्ते, ग्रुपवर रोज कोणाचा तरी फोटो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, मग आणखी कुठली तरी सायकल राइड. उन्हाळा येईपर्यंत माणूस थांबत नाही, आणि पावसाळा लागला की पुन्हा गोव्याची तयारी.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच केले. रुग्णांना "आठ तास झोपा" सांगून स्वतः पाच तास झोपत होतो. सकाळची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढली, चिडचिड वाढली, दर महिन्याला सर्दी. एखाद्या रुग्णाने ही लक्षणे सांगितली असती, तर मी पाच मिनिटांत निदान केले असते. स्वतःच्या बाबतीत तीन महिने लागले.

हृदय तयार, हाड कच्चे

ट्रायथलॉनमध्ये एक खास सापळा आहे, तो समजून घ्या. पोहताना शरीराचे वजन पाणी पेलते. सायकलवर ते सीट पेलते. या दोन्हींनी हृदय आणि फुप्फुसे दणकट होतात, पण हाडांना फारसा धक्का बसत नाही. धावताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. भार वाढला, की शरीर आधी जुने हाड खरवडते आणि मग नवे भरते. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. आपल्याकडे रस्ता खोदणारे लवकर येतात आणि डांबर टाकणारे उशिरा, तसेच. या मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कमजोर असते. भराई होण्याआधीच आपण रोज पळत राहिलो, तर चीर पडते. दम लागत नाही म्हणून माणसाला वाटते, "मी फिट आहे." दम लागत नाही हे हृदयाचे उत्तर असते. नडगीला आपण विचारलेलेच नसते.

"पण सगळी मेहनत वाया जाईल ना?"

हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण बंद ठेवला, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के घटली. मात्र स्नायूंमधले केशवाहिन्यांचे जाळे बारा आठवड्यांनंतरही टिकून होते. आणि हे पूर्ण बंद ठेवल्यावर. मी तर फक्त कमी करा म्हणतो आहे. जे थोडे कमी होईल, ते सराव सुरू झाल्यावर परत येते.

मग करायचे काय?

*पहिले दोन-तीन आठवडे:* घड्याळ काढून ठेवा. चाला, मुलांबरोबर खेळा, हवे तर सायकलवरून भाजी आणा. भरपूर झोपा. वजन एक-दोन किलो वाढले तर घाबरू नका. मात्र जेल, एनर्जी ड्रिंक आणि सरावाच्या काळातले चार वेळचे खाणे बंद करा. सराव कमी झाला तरी भूक काही दिवस तशीच राहते.

*त्यानंतरचे आठ ते दहा आठवडे:*

पोहणे: आठवड्यातून दोनदा. अंतर मोजू नका, पद्धत सुधारा. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. आपल्यापैकी बहुतेक जण मोठेपणी पोहायला शिकलो, त्यामुळे दमापेक्षा चुकीच्या हातामुळे वेळ जातो आणि खांदाही दुखतो.

सायकल: दोनदा, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. हाताची बोटे बधिर होत असतील, गुडघा किंवा मान दुखत असेल, तर सीट आणि हँडलची उंची जाणकाराकडून आताच तपासून घ्या.

धावणे: तिन्हींत हेच सगळ्यात जास्त कमी करायचे आणि सगळ्यात हळू वाढवायचे. एक दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटे, शक्यतो मातीच्या मैदानावर, मध्ये मध्ये चालत. वेग आणि अंतर दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका.

ताकदीचे व्यायाम: आठवड्यातून दोनदा. बैठका, टाचा उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, प्लँक. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, आणि सीझनमध्ये या व्यायामांना कोणालाच वेळ नसतो.

तपासण्या याच काळात करा

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी आणि ईसीजी. वय चाळीसच्या पुढे असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असेल, तर स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला. फिनिशरचे मेडल हा हृदयवाहिन्या स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे. व्यायाम करताना छातीत दडपण, चक्कर, बेशुद्धी किंवा ठोके अनियमित वाटले, तर सुट्टी संपण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

महिलांना एक वेगळी विनंती. जास्त सरावामुळे पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर त्याला फिटनेसची खूण समजू नका. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याचा तो इशारा असू शकतो, आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

आणि सर्वांना: दुखणे दाबण्यासाठी पेनकिलर घेऊन पळू नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शिवाय दुखणे हा हाडाचा एकमेव आवाज, तोही आपण बंद करतो.

माझे मत

वर्षात एक मुख्य स्पर्धा ठरवा. गोवा मुख्य असेल, तर मुंबईला टाळ्या वाजवायला जा. मुंबईही पळायचीच असेल, तर गोव्यानंतर दोन-तीन आठवडे आराम करा, मुंबईत वेळेचा हट्ट धरू नका आणि फेब्रुवारी-मार्च पूर्ण मोकळा ठेवा. दोन्हीकडे विक्रम करायचा हट्ट पंचविशीतल्या व्यावसायिक खेळाडूलाही जड जातो. आपण तर नोकरी, घर, कर्जाचे हप्ते सांभाळून हे करतो.

त्या गृहस्थांना मी पेनकिलर दिली नाही. ते नाराज होऊन गेले. दुखणे थांबल्यावर आधी पोहणे, मग सायकल आणि सगळ्यात शेवटी धावणे, असे टप्प्याटप्प्याने सुरू केले. मार्च उलटल्यावर ते तपासणीला आले, तेव्हा दोन किलोमीटर न दुखता पळून आले होते. त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी गोवा करू का?"

मी म्हटले, "जरूर करा. फक्त आत्ताच कॅलेंडर काढा आणि स्पर्धेच्या आधी सुट्टीची तारीख लिहा."

तुम्हीही लिहून ठेवा.