चाकांवरचं घर आणि आडनाव

सध्या पांढरपेशांच्या पोरांत एक नवं खूळ निघालंय. मोटारीच्या पोटात गादी टाकायची, शेगडी बसवायची, पाण्याची टाकी लावायची, पडदे सोडायचे आणि समुद्राच्या काठाकाठानं सुटायचं. तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. चाकांवरचं घर. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं त्यासाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलं. परत आल्यावर ही पोरं लिहितात : रस्ता कुणाला जात विचारत नाही, समुद्र सगळ्यांचा असतो, घरदार सोडलं की माणूस मुक्त होतो.

च्यायला, घरदार सोडायला आधी घरदार असावं लागतं. ऊसतोडीला बैलगाडीत संसार घालून निघालेली बाई, वीटभट्टीवर पोरंबाळं घेऊन टेम्पोत बसलेला बाप, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या चाकांवरच राहतायत. त्यांच्यासाठी कुणी धोरण काढलं नाही. त्यांनी रस्त्याकडेला चूल मांडली की ते अतिक्रमण, आणि यांनी मांडली की ते पर्यटन!

पण दोस्तांनो, नुसती टिंगल करून मला थांबायचं नाही. कारण मीही गेलो होतो. माझा एक दोस्त शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. मे महिन्यात शाळा बंद, गाडी रिकामी. मागच्या सीटा काढल्या, फळ्या ठोकल्या, गादी टाकली, एक स्टो, पाण्याचे दोन कॅन. झाली कॅम्पर व्हॅन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीनं जाता येतं, पण ते भाडं आपल्या खिशाचं नाही. म्हणून पनवेल, पेण, वडखळ. अलिबागच्या वाटेवर चरी लागतं. या चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोत-सावकारांची जमीन कसायची नाकारली. नारायण नागू पाटील पुढारी होते, बाबासाहेब पाठीशी होते. शनिवारी मुंबईहून अलिबागला उधळणाऱ्या किती गाड्या तिथं थांबतात? त्यांना कोकणातले फक्त माड दिसतात. माडाखालचा माणूस दिसत नाही.

आता आम्ही गाडीतच झोपायचं का ठरवलं? पैसे नव्हते हे आहेच. पण गावाबाहेर चारशे-पाचशेत खोली मिळते, दोघांत तेवढं जमलं असतं. खरं कारण दोस्तानं निघतानाच सांगितलं. गाडीत झोपलं की आडनाव सांगावं लागत नाही.

हे वाक्य त्या पांढरपेशांच्या कुठल्याच प्रवासवर्णनात नाही. त्यांना गाडी म्हणजे चैन. आम्हाला गाडी म्हणजे चिलखत. आणि हे आपल्यापुरतंच नाही. १९७२ साली आपल्या पँथरनं ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हे आधी भोगलंय. हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ साली एक पुस्तिका काढली. काळ्या माणसाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल घालतील, कुठला न्हावी केस कापेल याची यादी. ग्रीन बुक. तीसेक वर्षं ते निघत होतं. यादीत नसलेल्या मुलखातून जाताना काळा माणूस डबा, जादा पेट्रोल गाडीत ठेवायचा आणि गाडीतच झोपायचा. त्याच्या त्या गाडीला कुणी मुक्ती म्हणालं नाही.

मुरूड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत आम्ही बागमांडल्याला आलो. तिथं गाडी फेरीबोटीत चढवायची आणि खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. बोटीवरची मंडळी कठड्याला रेलून फोटो काढत होती. खाडी झकास, हवा झकास. कुणाला पत्ता नव्हता, की ही सावित्री आहे. महाडवरून येते ती सावित्री.

२४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि दोनशेच्या वर माणसं मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाली. दुसऱ्या दिवशी ती याच सावित्रीच्या काठच्या दासगाव बंदरात उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला गेली. का चालत? धरमतरहून महाडला मोटारी जायच्या की! पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला होता. रस्ता होता, गाडी होती, तिकिटाचे पैसे होते. फक्त या माणसांना बसवून घेणारा कुणी नव्हता. म्हणून समुद्र. त्याच दिवशी रात्री महाडला मनुस्मृती जळली. कोकणच्या किनाऱ्यावरून आपली माणसं गेली ती अशी. वेसवीला उतरलं की मंडणगड तालुका लागतो, आंबडवे त्याच तालुक्यात. रस्ता जात विचारत नाही म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका फेरीपुरती तरी तोंडं बंद ठेवावीत.

"ते झालं १९२७ चं, आता कुठं राहिलंय तसं?" हा प्रश्न येणारच. मग ऐका. तीन रात्री गाडीत उकडून निघाल्यावर चौथ्या दिवशी आम्ही एका गावात खोली बघायला गेलो. बाहेर पाटी : खोल्या मिळतील. मालक फार गोड माणूस. बसवलं, कोकम सरबत दिलं. कुठले आपण? मुंबईचे. नाही, मूळ गाव? सांगितलं. मग आडनाव. तेही सांगितलं. भिंतीवर पाच किल्ल्या लटकत होत्या. मालक म्हणाला, अहो आत्ताच फोन आला, सगळ्या खोल्या बुक. आणि जाताना तेवढे ग्लास बाहेर नळापाशी ठेवा.

आता याला कोर्टात कसं ओढणार? अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमानं गेली. पंधराव्या कलमात दुकान, हॉटेल, विहीर, तळं, रस्ता सगळं नाव घेऊन लिहिलंय. १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा आहे. मालकानं जातीचा शब्दसुद्धा काढला नाही. शिवी दिली नाही. 'बुक' म्हणाला. जात आता कोकम सरबत पाजून बाहेर काढते.

गाडीत बसल्यावर दोस्त भडकला, पण माझ्यावर. "पाटील सांगायचं होतंस येड्या. तुला कविता करायचीय, मला झोपायचंय." मी त्याला नावं ठेवणार नाही. दिवसभर गाडी त्यानं हाकलेली. पण खोट्या नावावर मिळालेल्या खाटेवर मला झोप लागली नसती, आणि हे काही माझ्या एकट्याच्या स्वाभिमानाचं कौतुक नाही. त्या मालकाला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपल्याकडे कधी 'तसलं' गिऱ्हाईक आलंच नाही.

त्या रात्री एका बौद्धवाडीत समाजमंदिराच्या अंगणात गाडी लावली. २०२० साली सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय केला. पाटी बदलेल, पण मोठ्या रस्त्याचं डांबर फाट्यावरच का संपतं ते तो निर्णय सांगत नाही. निम्मी घरं कुलपात, माणसं मुंबईला. एका म्हातारीनं तांदळाची भाकरी आणि सुकट आणून दिलं. तिनंही आडनाव विचारलं बरं का. गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. आणि पाच मिनिटांत कुठून कुठून धागा काढत दोस्ताला भाचा ठरवून मोकळी झाली. तोच प्रश्न! एक विचारतो दार लावायला, दुसरी विचारते नातं लावायला.

आता आपल्याच घरातल्यांशी थोडं भांडायचंय. परत आल्यावर चळवळीतले एक वडीलधारे म्हणाले, समाज जळतोय आणि तुम्ही समुद्रावर फिरता, ही चैन आहे. काका, १९३४ साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच बाबासाहेबांना म्हटलं, आपण सहलीला जाऊ. ते हो म्हणाले. वेरूळची बौद्ध लेणी बघायची ठरली. आपण कोण हे कळू नये म्हणून प्रवासाचा गाजावाजा केला नव्हता. तरी दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाकीतल्या पाण्यानं तोंड धुतलं म्हणून तिथले मुसलमान धावून आले. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. मारामारीची वेळ आली, पण लेणी बघायला जाणं ही चैन आहे असं त्यांनी कुठं लिहिलं नाही. आपण फक्त मोर्चालाच गाडीत बसायचं का? चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, महाडला जायचंच. पण उगाच, बिनकामाचं, केळशीच्या पाण्यात दुपारभर डुंबायलाही जायचं. गोदीत मी समुद्र रोज बघतो, त्यावर डिझेलचा तवंग असतो आणि मुकादमाची नजर माझ्यावर. केळशीला पहिल्यांदा तो नुसता समुद्र म्हणून अंगावर आला. हा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे, वापरला नाही तर कागदावरच पिवळा पडेल.

म्हणून एक काम करायचंय. ग्रीनच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की एक दिवस असा येईल की हे छापायची गरज उरणार नाही. आपल्याकडे ते अजून छापलंच गेलेलं नाही. तर छापू. मांडव्यापासून रेड्डीपर्यंत कुठं खोली मागितल्यावर आडनाव विचारलं, किती किल्ल्या लटकत असताना खोल्या संपल्या, कुठं ग्लास नळापाशी ठेवायला लावले. आणि कुठं काहीच न विचारता चादर दिली, तेही. तारीख घाला, बरोबर कोण होतं ते घाला, ऐकीव काही नको. पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा आणि मासिकाच्या पत्त्यावर टाका.

पुढच्या मे महिन्यात व्हॅन पुन्हा रिकामी आहे. फळ्या ठोकलेल्या आहेत, मागे दोघांची जागा होते. ज्याला गाडी चालवता येते त्यानं आधी कळवावं, दोस्ताला घाट उतरताना झोप येते.